अल्प प्रमाणे आणि शेकडेवारी : रायगड किनाऱ्याविषयीच्या इंग्रजी लेखनाचा चिकित्सक विचार

प्रास्ताविक

इंग्रजीतून शास्त्रीय अथवा प्रशासकीय लेखन करणाऱ्यास लहान प्रमाण मांडण्याचे अनेक मार्ग उपलब्ध असतात. ‘पॉइंट फाइव्ह पर सेंट’, ‘हाफ ऑफ वन पर सेंट’, ‘फाइव्ह इन अ थाउजंड’ आणि ‘वन इन टू हंड्रेड’ ही चारही रूपे गणिताच्या दृष्टीने एकच आहेत. वाचनाच्या दृष्टीने मात्र ती एक नाहीत. पहिल्या रूपात वाचकाच्या डोळ्यांसमोर एक दशांशचिन्ह येते, शेवटच्या रूपात दोनशे माणसांच्या घोळक्यातील एक माणूस उभा राहतो. कोणते रूप निवडावे हा प्रश्न व्याकरणाचा किंवा छपाईच्या संकेतांचा आहे असे सामान्यतः मानले जाते. प्रस्तुत लेखाची भूमिका अशी की तो मूलतः अर्थाचा प्रश्न आहे. प्रमाण जितके लहान, तितकी ते कशाचे प्रमाण आहे हे त्याच वाक्यात सांगण्याची लेखकाची जबाबदारी मोठी असते.

या भूमिकेची तपासणी करण्यासाठी पूर्वीचा कुलाबा आणि १ जानेवारी १९८१ पासूनचा रायगड हा किनारी जिल्हा सोयीचा आहे. गॅझेटिअर, जनगणना, महसुली दफ्तर, भूचुंबकीय वेधशाळा आणि निवडणूक अशा अगदी भिन्न क्षेत्रांतील इंग्रजी लेखन या एका प्रदेशाविषयी झाले आहे, आणि त्या प्रत्येकाने लहान प्रमाणे मांडण्याची आपापली रीत घडविली आहे.

‘पर सेंट’ : व्यापाऱ्याचे माप

‘पर सेंट’ हा ‘पर सेंटम’ या लॅटिन पदाचा संक्षेप. एकोणिसाव्या शतकातील छापील इंग्रजीत त्यापुढे पूर्णविराम दिलेला आढळतो तो याच कारणाने. ब्रिटिश वळणाच्या इंग्रजीत ते आजही प्रायः दोन शब्दांत आणि अमेरिकी वळणाच्या इंग्रजीत एका शब्दात लिहिले जाते. त्याचे चिन्हही इटालियन व्यापाऱ्यांच्या हस्तलिखितांतील संक्षेपातून उत्क्रांत झाले. व्याज, नफा, जकात, दलाली ही या मापाची जन्मभूमी होय. मराठीतील ‘दरमहा दरशेकडा’ ही सावकारी परिभाषा त्याच कुळातली, आणि ‘टक्का’ या शब्दाचे नाते तर थेट ‘टंक’ या नाण्याशी आहे.

व्यापारी व्यवहारातील प्रमाणे बहुधा एक ते शंभर या टप्प्यात मावतात. त्या टप्प्यात शेकडा हे माप उत्तम काम देते. एकाच्या खाली उतरताच त्याची अडचण सुरू होते, कारण शंभराचे माप घेऊन शंभरात न सापडणारी वस्तू मोजावी लागते. ‘शंभरातील अर्धा माणूस’ ही कल्पना मनाला पेलत नाही. इंग्रजीने ही अडचण ओळखली आहे. वित्तव्यवहारात एका टक्क्याच्या शंभराव्या भागाला ‘बेसिस पॉइंट’ हे स्वतंत्र नाव मिळाले. रिझर्व्ह बँकेच्या पतधोरणविषयक निवेदनांत पाव टक्क्याऐवजी ‘पंचवीस बेसिस पॉइंट’ असे लिहिले जाते ते त्यामुळेच. जन्मदर व मृत्युदर हजारावर आणि मातामृत्यूचे प्रमाण लाखावर सांगण्याची प्रथाही अशाच गरजेतून रूढ झाली. टक्केवारी हे अल्प प्रमाणांचे एकमेव माप नव्हे, हे इंग्रजी लेखनव्यवहारानेच मान्य केलेले आहे.

गॅझेटिअरची वाक्यरचना

जेम्स कॅम्बेल यांच्या संपादनाखालील मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा अकरावा खंड ‘कुलाबा आणि जंजिरा’ १८८३ मध्ये प्रसिद्ध झाला. लोकसंख्येचे विवेचन करताना या मालेची एक ठरलेली वाक्यरचना दिसते. प्रथम प्रत्यक्ष संख्या, त्यानंतर ‘ऑर’ हे उभयान्वयी अव्यय आणि मग दशांशासह ‘पर सेंट’. ही रचना कंटाळवाणी वाटण्याजोगी असली तरी तिचा गुण मोठा आहे. टक्केवारी ही संख्येची जागा घेत नाही, ती संख्येच्या मागून चालते.

१८८१ च्या जनगणनेनुसार कुलाबा जिल्ह्याची लोकसंख्या ३,८१,६४९ होती. म्हणजे एक टक्का म्हटला की सुमारे ३,८१६ माणसे झाली. जिल्ह्यातील बेने इस्रायल समाज त्याहूनही लहान होता. नवगावच्या किनाऱ्याशी आपल्या पूर्वजांच्या आगमनाची परंपरा जोडणारा, तेलघाण्याचा व्यवसाय आणि शनिवारची विश्रांती यांमुळे ‘शनिवार तेली’ म्हणून ओळखला गेलेला हा समाज केवळ टक्केवारीच्या स्तंभात शोधू गेल्यास शून्यानंतरच्या दशांशचिन्हापलीकडे सापडतो. प्रत्यक्ष संख्या सोबत असल्यामुळे गॅझेटिअरच्या वाचकाला मात्र हा समाज काही गावांतून, काही घरांतून वसलेला दिसतो. त्या ग्रंथाची वासाहतिक दृष्टी, जातिवर्णनांतील पूर्वग्रह यांवर यथायोग्य टीका होत आली आहे. वाक्यरचनेच्या या एका बाबतीत मात्र तो ग्रंथ पुढील अनेक लेखनांहून अधिक काटेकोर ठरतो.

याच समाजाची आधुनिक आकडेवारी पाहता प्रश्न अधिक स्पष्ट होतो. २०११ च्या जनगणनेत भारतात ४,६५० ज्यू व्यक्तींची नोंद झाली, त्यांपैकी २,४६६ महाराष्ट्रात होत्या. देशाच्या १२१ कोटी लोकसंख्येशी तुलना करता हे प्रमाण ०.०००३८४ टक्के भरते. हा आकडा अचूक आहे आणि जवळजवळ निरुपयोगी आहे. दशांशचिन्हानंतरची शून्ये वाचक मोजत नाही, ‘काहीच नाही’ असे समजून तो पुढे जातो. तेच प्रमाण ‘दर कोटीमागे ३८’ असे मांडले की अर्थ हाती लागतो. शिवाय पाया बदलताच चित्रही पालटते. महाराष्ट्रातील २,४६६ व्यक्ती राज्याच्या लोकसंख्येच्या सुमारे ०.००२२ टक्के आहेत, आणि त्याच व्यक्ती भारतातील ज्यू लोकसंख्येच्या ५३ टक्के आहेत. पहिल्या वाक्यावरून हा समाज नगण्य ठरतो, तर दुसऱ्यावरून महाराष्ट्र हे त्याचे भारतातील प्रमुख निवासस्थान ठरते. अलिबागच्या इस्रायल आळीतील सिनेगॉगचे जतन का व्हावे, किंवा २०१६ मध्ये महाराष्ट्र शासनाने या समाजाला अल्पसंख्याक दर्जा का दिला, या प्रश्नांचा विचार करणाऱ्यास दोन्ही वाक्ये लागतात. एकाच टक्केवारीवर थांबणारे लेखन वाचकाच्या वतीने निर्णय घेऊन टाकते.

शेकडा की हजार

जनगणनेच्या इंग्रजीत स्त्री-पुरुष प्रमाण टक्क्यांत सांगितले जात नाही. भारतात ते दर हजार पुरुषांमागे स्त्रियांची संख्या या रूपात दिले जाते. ही निवड किती परिणामकारक आहे हे रायगडच्या उदाहरणावरून कळते. जिल्ह्यात हे प्रमाण २००१ मध्ये ९७६ होते, ते २०११ मध्ये ९५९ झाले. दशकात १७ ने झालेली ही घट वाचकाच्या नजरेतून सुटत नाही. हीच माहिती टक्केवारीत मांडल्यास एकूण लोकसंख्येतील स्त्रियांचा वाटा सुमारे ४९.४ वरून ४९.० वर आला, असे वाक्य तयार होते. शून्य दशांश चारचा फरक कोणाला अस्वस्थ करील?

येथे आणखी एक भेद महत्त्वाचा आहे. दोन टक्केवाऱ्यांमधील वजाबाकीला इंग्रजीत ‘परसेंटेज पॉइंट’ म्हणतात आणि मूळ आकड्याच्या तुलनेतील बदलाला ‘पर सेंट’. वरील उदाहरणात स्त्रियांचा वाटा ०.४ परसेंटेज पॉइंटने घटला, तोच वाटा मूळ वाट्याच्या तुलनेत सुमारे ०.९ टक्क्यांनी घटला, तर स्त्री-पुरुष प्रमाण सुमारे १.७ टक्क्यांनी घटले. एकाच वस्तुस्थितीची ही तीन विधाने आहेत आणि तिन्ही खरी आहेत. मराठीत ‘अंश’, ‘अंक’, ‘टक्के’ हे शब्द या बाबतीत सैलपणे वापरले जातात. तोच सैलपणा मराठी प्राध्यापकांच्या इंग्रजी लेखनात उतरतो आणि ‘डिक्लाइन्ड बाय पॉइंट फोर पर सेंट’ असे संदिग्ध वाक्य लिहिले जाते. अशा वाक्यातील लेखकाला नेमकी कोणती घट अभिप्रेत आहे, हे वाचकाला आकडेमोड करूनही ठरविता येत नाही.

आणे, पै आणि पैसेवारी

ज्या मराठी समाजाविषयी हे इंग्रजी लेखन झाले, त्या समाजापाशी अल्प प्रमाणे सांगण्याची स्वतःची समर्थ परिभाषा होती, याकडे सहसा लक्ष दिले जात नाही. कोकणच्या खोती मुलखातील ‘अर्धेल’ आणि ‘तिर्धेल’ या संज्ञा पिकातील निम्मा आणि तिसरा हिस्सा दर्शवितात. जमिनीच्या वाटण्या आणे-पैच्या हिश्शांनी नोंदविण्याची रीत सर्वपरिचित आहे. रुपयाचे १६ आणे, आण्याच्या १२ पै, म्हणजे संपूर्ण मालमत्तेच्या १९२ पै. त्यामुळे ‘एक पैचा हिस्सा’ म्हणजे आजच्या भाषेत ०.५२ टक्के होत. टक्केवारीला ज्यासाठी दशांशचिन्ह लागते, ते प्रमाण या परिभाषेने एका अक्षराच्या शब्दात सांगितले. ‘सोळा आणे खरे’ या वाक्प्रचारातील सोळा आणे म्हणजे पूर्णत्व, हे मराठी भाषकाला वेगळे शिकवावे लागत नसे. पूर्ण किती हे मापाच्या नावातच सामावलेले होते.

पीकस्थितीचा अंदाज रुपयातील आण्यांनी व्यक्त करणारी आणेवारी ही याच परंपरेतली. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आल्यानंतर तिची पैसेवारी झाली. नजर पैसेवारी, सुधारित पैसेवारी आणि अंतिम पैसेवारी या टप्प्यांनी गावाचे पीक ठरविले जाते, आणि पन्नास पैशांपेक्षा कमी पैसेवारी ही टंचाईविषयक सवलतींची सीमारेषा म्हणून दीर्घकाळ वापरली गेली. केंद्र शासनाच्या २०१६ च्या दुष्काळ व्यवस्थापनविषयक मार्गदर्शिकेनंतर पर्जन्यमान, मृदेतील ओलावा, पिकांची दूरसंवेदी पाहणी या निर्देशांकांना महत्त्व आले. भाषेच्या दृष्टीने लक्षणीय बाब अशी की शासकीय इंग्रजीनेही ‘पैसेवारी’ हा शब्द भाषांतर न करता स्वीकारला. गणिताच्या दृष्टीने ती टक्केवारीच आहे, तरीही ‘फिफ्टी पर सेंट’ असे लिहिल्यास ‘कशाचे पन्नास टक्के’ हा प्रश्न उरतो. ‘पैसेवारी’ या शब्दात प्रमाण पीकाशी तुलना अध्याहृत असल्याने तो उरत नाही.

या परिभाषेचे गौरवीकरण करण्याचे मात्र कारण नाही. वारसांच्या वाटण्या वाढत गेल्यावर पैचेही तुकडे करावे लागले आणि तेथे आणे-पैची रीत दशांशापेक्षा किचकट ठरली. तिच्यापासून घ्यावयाचा बोध एवढाच की माप आणि त्याचा पाया यांची फारकत होऊ नये.

विज्ञानलेखनातील संयम

अलिबागची भूचुंबकीय वेधशाळा १९०४ पासून कार्यरत आहे. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून कुलाब्याच्या जुन्या वेधशाळेतील चुंबकीय निरीक्षणे येथे हलविण्यात आली. या वेधशाळेत मोजले जाणारे बदल प्रमाणाच्या दृष्टीने अत्यल्प असतात. अलिबाग येथे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा क्षितिजसमांतर घटक सुमारे ३८,००० नॅनोटेस्ला इतका आहे. विषुववृत्तालगतच्या क्षेत्राची सरासरी घट शंभर नॅनोटेस्लाहून अधिक झाली की चुंबकीय वादळ तीव्र मानले जाते. अलिबागच्या क्षेत्राशी तुलना केल्यास शंभर नॅनोटेस्ला म्हणजे सुमारे ०.२६ टक्के. असा तक्ता टक्केवारीत छापला असता तर तीव्र वादळ आणि शांत दिवस यांत वाचकाला भेदच दिसला नसता. या शाखेच्या इंग्रजी लेखनात म्हणूनच बदल निरपेक्ष एककात दिला जातो.

समुद्राच्या क्षारतेची गोष्ट थोडी निराळी आहे. उघड्या समुद्राच्या एक किलोग्रॅम पाण्यात साधारणतः ३५ ग्रॅम क्षार असतात. उरण व पेण परिसरातील मिठागरांच्या वर्णनात हे ३.५ टक्के असे लिहिले तरी चालते, कारण तेथे किती पाण्यातून किती मीठ मिळेल हा ढोबळ प्रश्न असतो. समुद्रशास्त्रज्ञांनी मात्र हजाराचे माप पत्करले आणि १९७८ च्या व्यावहारिक क्षारता श्रेणीनंतर एककाविना ३५ असा आकडा लिहिण्याची प्रथा पडली. खाडीमुखाशी पावसाळ्यात होणारे सूक्ष्म फरक त्यांना नोंदवावयाचे असतात. प्रमाण तेच असूनही प्रश्न बदलला की माप बदलते, हा विवेक या दोन्ही उदाहरणांत दिसतो. मानव्यविद्या आणि सामाजिक शास्त्रांच्या लेखनात तो अभावानेच आढळतो. तेथे टक्केवारी ही प्रश्न न विचारता लावली जाणारी सवय झालेली आहे.

अल्प, पण निर्णायक

लहान टक्केवारी म्हणजे लहान परिणाम, हा समज खोडून काढणारे उदाहरण रायगड लोकसभा मतदारसंघाने २०१४ मध्ये पुरविले. अनंत गीते आणि सुनील तटकरे यांच्यातील लढतीचा निर्णय २,११० मतांनी लागला. एकूण मतदान सुमारे दहा लाखांचे होते, म्हणजे अंतर ०.२ टक्क्यांच्या आसपास होते. निकालाच्या दृष्टीने मात्र ते संपूर्ण होते.

याउलट मोठी टक्केवारी लहान वस्तुस्थिती झाकू शकते. ऑक्टोबर १९९५ मध्ये ब्रिटनमध्ये काही गर्भनिरोधक गोळ्यांमुळे रक्तात गुठळी होण्याचा धोका दुप्पट, म्हणजे शंभर टक्क्यांनी वाढतो असा इशारा प्रसृत झाला. प्रत्यक्षात तो सात हजारांमागे एकावरून सात हजारांमागे दोनवर गेला होता. अनेक स्त्रियांनी भीतीने गोळ्या सोडल्या आणि पुढील वर्षी इंग्लंड व वेल्समध्ये गर्भपातांच्या संख्येत मोठी वाढ झाली. जर्मन मानसशास्त्रज्ञ गेर्ड गिगरेंझर यांनी या प्रकरणाचा वारंवार दाखला दिला आहे. ‘इतक्यांपैकी इतके’ या रूपात मांडलेली जोखीम टक्केवारीपेक्षा अधिक अचूकपणे समजते आणि हे डॉक्टरांच्या बाबतीतही खरे आहे, असे त्यांचे संशोधन दर्शविते. भाषेतील निवडीचे परिणाम येथे थेट माणसांच्या शरीरापर्यंत पोहोचले.

महाविद्यालयीन संशोधनलेखनाचा प्रश्न

या पार्श्वभूमीवर महाविद्यालयीन इंग्रजी शोधनिबंधांतील रूढ पद्धतीचे परीक्षण करणे उचित ठरते. समजा, अलिबाग तालुक्यातील ६० मच्छीमार कुटुंबांचे सर्वेक्षण झाले आणि एका कुटुंबाने शीतगृहाचा वापर करीत असल्याचे सांगितले. निबंधात हे ‘१.६७ पर सेंट’ असे छापले जाते. दोन दशांश स्थळांची अचूकता धारण करणारा हा आकडा प्रत्यक्षात एका घराचा आहे. आणखी एका घराने होकार दिला असता तो ३.३३ झाला असता. ६० च्या नमुन्यात १.६७ हीच लहानात लहान पायरी असल्याने तिच्यापुढील दशांश निरर्थक असतात. ‘साठांपैकी एक’ हे वाक्य साधे आहे, आणि अधिक प्रामाणिकही आहे.

नमुन्यात एकही होकार न मिळाल्यास ‘झीरो पर सेंट’ असे लिहिले जाते आणि त्यावरून ‘शीतगृहाचा वापर मुळीच नाही’ असा निष्कर्ष काढला जातो. संख्याशास्त्रातील ‘तीनचा नियम’ येथे सावध करतो. यादृच्छिक नमुन्यातील ६० पैकी एकातही एखादी गोष्ट आढळली नाही, तरी ९५ टक्के विश्वासपातळीवर एकूण समाजात ती ३ भागिले ६०, म्हणजे पाच टक्क्यांपर्यंत असू शकते. शून्याचा अर्थ ‘नाही’ असा नसून ‘या साठांत आढळले नाही’ असा असतो.

तिसरा दोष लेखनचिन्हांचा आहे. ०.०२ हे गुणोत्तर आणि ०.०२ टक्के हे प्रमाण यांत शंभरपट अंतर आहे. संगणकाच्या तक्त्यातून आलेल्या गुणोत्तरापुढे टक्क्याचे चिन्ह जोडले गेल्याने होणारी चूक मुद्रितशोधकालाही दिसत नाही, कारण वाक्य व्याकरणशुद्ध असते. दशांशचिन्हापूर्वीचे शून्य गाळल्यास .५ टक्के हे ५ टक्के असे वाचले जाण्याचा धोका असतो. म्हणून शब्दांत ‘लेस दॅन वन पर सेंट’ किंवा ‘फाइव्ह इन अ थाउजंड’ असे लिहिणे अधिक सुरक्षित होय. क्रियापदाच्या बाबतीतही सावधगिरी हवी. इंग्रजीत क्रियापद सामान्यतः आकड्यानुसार चालत नाही, ‘ऑफ’ नंतरच्या नामानुसार चालते. मतदारांचा अर्धा टक्का असला तरी क्रियापद अनेकवचनी येते, कारण तेथे अभिप्रेत असतात ते मतदार. इंग्रजीच्या व्याकरणानेही टक्क्यामागील माणसे विसरलेली नाहीत.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष संभवतात.

१. टक्केवारी हे एक ते शंभर या टप्प्यातील प्रमाणांसाठी घडलेले माप आहे. एका टक्क्याखालील प्रमाणांसाठी हजार, लाख किंवा कोटी यांपैकी असा पाया निवडावा की उत्तर पूर्णांकात आणि वाचकाच्या आकलनकक्षेत येईल.

२. प्रत्यक्ष संख्या आधी आणि टक्केवारी नंतर, ही गॅझेटिअरची रचना आजही अनुकरणीय आहे. शंभराहून लहान नमुन्यात तर केवळ संख्या देणे पुरेसे ठरते.

३. ‘पर सेंट’ आणि ‘परसेंटेज पॉइंट’ यांतील भेद पाळला गेला नाही तर अल्प बदलांविषयीचे विधान अर्थशून्य होते.

४. ‘नेग्लिजिबल’ हे विशेषण टक्केवारीवरून आपोआप निष्पन्न होत नाही. ते लेखकाचे मत असते आणि त्याने ते कारणांसह मांडले पाहिजे.

शोधनिबंध इंग्रजीत लिहिणे ही आज अनेक अध्यापकांची व्यावसायिक निकड आहे. परकीय भाषेत लिहिताना आकडा हा भाषेच्या अडचणींतून सुटण्याचा सोपा मार्ग वाटतो, आणि म्हणून तो तपासल्याविना स्वीकारला जातो. परंतु आकडाही वाक्याचाच घटक असतो. शीतगृह वापरणारे ते एक कुटुंब साठांत वेगळे का ठरले, याची चौकशी करण्याची प्रेरणा ‘साठांपैकी एक’ या वाक्यातून मिळू शकते. ‘१.६७ पर सेंट’ हा आकडा तक्त्याच्या तळाशी गेला की तिच्याकडे पुन्हा कोणी वळत नाही. संशोधनाचा पुढचा प्रश्न अनेकदा अशाच लहान संख्येत दडलेला असतो, म्हणून तिची मांडणी लेखकाने सर्वाधिक काळजीने करावयास हवी.